विमानतळावर साडेपाच तास

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आमच्या चिटणीसबाईंनी मला गाठले ते बाजारात, हातात मेथीच्या जुड्या असताना. "वर्धापनदिनाला यंदा तुम्ही बोलायचं," म्हणाल्या. मी म्हटले, मी काय बोलणार? तेहेतीस वर्षे प्राथमिक शाळेत बाराखडी आणि पाढे शिकवले, त्यापलीकडे माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नाही. तर म्हणाल्या, "विमानाचं सांगा." आपल्या तळेगावात ही गोष्ट बरीच पसरली आहे, आणि पसरताना तिला फांद्याही फुटल्या आहेत. कोणी म्हणते, बाईंनी विमान कंपनीच्या साहेबाला चांगले फैलावर घेतले. कोणी म्हणते, बाईंना भोवळ आली आणि उचलून न्यावे लागले. यांतले काहीच झालेले नाही. तेव्हा जे झाले ते एकदा सर्वांसमोर सांगून मोकळे व्हावे, म्हणून उभी राहिले आहे. बोलण्याची सवय मुलांपुढची आहे. मध्येच मी कोणाला "हात खाली ठेव" म्हटले तर रागावू नका.

माझी थोरली बहीण नागपूरला असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. माझ्यापेक्षा ती नऊ वर्षांनी मोठी. आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि अक्का पंधरा वर्षांची. माझी वेणी घालणे, माझा अभ्यास घेणे, मला गोवर आला तेव्हा रात्री जागणे, हे सगळे त्या पंधरा वर्षांच्या मुलीने केले. पुढे तिचे लग्न होऊन ती नागपूरला गेली, तेव्हा स्टेशनवर मी इतकी रडले की तिच्या सासऱ्यांनी मला बर्फीचा पुडा दिला. आईच्या सोन्याच्या दोन पाटल्या वडिलांनी अक्काच्या हातांत घातल्या होत्या. त्या तिने कधी उतरवल्या नाहीत.

२०२५ सालचा जानेवारी महिना. संक्रांत तोंडावर आली होती. अक्काच्या हृदयाची झडप खराब झाल्याचे आदल्या दिवाळीतच कळले होते आणि ऑपरेशन महिनाअखेरीस ठरले होते. मी आगगाडीचे तिकीट काढून ठेवले होते. एके दिवशी दुपारी भाच्याचा फोन आला, "मावशी, डॉक्टर म्हणतात थांबण्यात अर्थ नाही. परवा सकाळी साडेअकराला ऑपरेशन." मग अक्काने फोन घेतला. तिचा आवाज दमलेला होता. म्हणाली, "आत नेण्याआधी ये. मला तुझ्याशी बोलायचंय. फोनवर नको."

आगगाडीची जागा मिळेना. मुलाने संध्याकाळी फोनवरच विमानाचे तिकीट काढले. पुण्याहून सकाळी आठ वीसला निघायचे आणि पावणेदहाला नागपूर. तिथून दवाखाना तासाभराच्या आत. साडेअकराच्या ऑपरेशनला साडेदहा-पावणेअकराला पोहोचायचे. हिशेब अगदी नीट होता.

मी पहिल्यांदाच विमानात बसणार होते. माझी सारी चिंता एकच, आपल्याला उशीर होऊ नये. विमान सुटण्याच्या तासभर आधी सामान घेण्याची खिडकी बंद होते, आणि सुटण्याआधी वीस-पंचवीस मिनिटे शेवटचे दारही बंद होते. मग तुम्ही दारात उभे राहून कितीही गयावया करा. तुम्हां सर्वांना आपला नगर रस्ता माहीत आहे. शिक्रापूरच्या चौकात, कोरेगाव भीमाला, नाहीतर वाघोलीला गाडी कुठे आणि किती वेळ अडकेल याचा भरवसा ब्रह्मदेवालाही देता येणार नाही. अंतर म्हणाल तर पस्तीस-चाळीस किलोमीटर. आम्ही पहाटे साडेचारलाच घर सोडले. रस्ता मोकळा मिळाला आणि सहाच्या आधी आम्ही लोहगावी दाराशी हजर. लोहगाव म्हणजे तुकोबारायांचे आजोळ. गाडीतून उतरताना मी मनातल्या मनात हात जोडले आणि म्हटले, देवा, सुखरूप पोहोचव. लवकर पोहोचव असे म्हणायला हवे होते, ते सुचले नाही.

आतल्या तपासणीचे सर्वच सांगत बसत नाही. एक गोष्ट मात्र तुमच्या उपयोगाची म्हणून सांगते. मी पिशवीत तिळाचे लाडू घेतले होते आणि भाचेसुनेसाठी सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या. लाडू सुटले, खोबरे काढून घेतले. मला वाटले पोरगा चेष्टा करतो आहे. तर सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेते, म्हणून विमानात नेऊ देत नाहीत, असे त्याने अगदी शांतपणे समजावून सांगितले. तेव्हा कोणाला लेकीकडे विमानाने जायचे असेल तर खोबरे तिकडेच विकत घ्या.

सात वाजता मी आमच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. सात पस्तीसला फोनवर निरोप आला. विमान उशिरा सुटेल, नवी वेळ नऊ दहा. समोरच्या फळ्यावरही तेच उमटले. मी भाच्याला कळवले, "पन्नास मिनिटं उशीर आहे. अकरा-साडेअकराच्या आत येते." भाच्याने अक्काला सांगितले, "मावशी निघतेच आहे."

नऊला पाच कमी असताना फळ्यावर नवी वेळ आली, दहा. मी पुन्हा फोन केला. आता वेळ अगदी काठावर आली होती, पण भाचा म्हणाला, "मावशी, इथे साडेअकरा म्हणजे बारा होतात. तुम्ही या." दहाला दहा कमी असताना दहा पन्नास. पुन्हा फोन. प्रत्येक वेळी मी म्हणायची, आता सुटतेच आहे. आणि प्रत्येक वेळी तो आत जाऊन आईला सांगायचा, मावशी आता येतेच आहे.

येथे जरा थांबते. आपण सगळ्या एस.टी.च्या फळीवर वाढलेल्या बायका. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती आपल्या याच पुणे-नगर रस्त्यावर, हे आपण मुलांना मोठ्या अभिमानाने सांगतो. उशीर म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. शिक्रापूरच्या फाट्यावर मी नोकरीच्या दिवसांत किती तास उभी राहिले असेन, त्याची गणती नाही. पण तिथे कंट्रोलर खिडकीतून सांगत असे, "बाई, तुमची गाडी अजून शिरूरहूनच सुटली नाही. चहा पिऊन या." मग आपण चहा पीत असू, किंवा टेम्पोत बसून पुढे जात असू. गाडी कुठे आहे हे कळले की उभ्या असलेल्या माणसाला आपले काय करायचे ते ठरवता येते. विमानतळावर मला "किती वाजता सुटणार" हे चार वेळा सांगितले गेले. "आत्ता कुठे आहे" हे एकदाही सांगितले नाही. आणि कबूल करते, मी विचारलेही नाही. इतक्या चकचकीत जागी विचारायचे कोणाला, आणि आपल्या मराठीत विचारले तर हसतील का, असे वाटत राहिले. तेहेतीस वर्षे मुलांना "न समजल्यास विचारा" म्हणणारी बाई मी!

माझ्या शेजारी काटोलकडचे एक बागाईतदार आणि त्यांच्या मंडळी बसल्या होत्या. मुलाकडे पुण्याला येऊन परत चालले होते. त्यांना मधुमेह, आणि सकाळी पोटात सुई टोचून घ्यावी लागते. फळ्यावर नऊ दहा वाचून त्यांनी साडेआठला सुई घेतली. विमानात बसल्याबरोबर डब्यातली पोळी खायची, असा त्यांचा बेत. सुई घेतल्यावर वेळेत पोटात काही गेले पाहिजे, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरी हा रोग आहे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या मंडळी दोनदा म्हणाल्या, "खाऊन घ्या." ते म्हणाले, "आता बोलावतीलच, डबा कुठे उघडता." दहाच्या सुमारास त्यांचे बोलणे तुटक झाले, कपाळावर घाम आला आणि हात थरथरू लागले. त्यांच्या मंडळींनी ओळखले. डबा पिशवीच्या तळाशी. मी माझ्या पिशवीतून तिळाचा लाडू काढून त्यांच्या तोंडात घातला, मग दुसरा. गुळाने काम केले. प्रवाशांतले एक डॉक्टर धावून आले. पंधरा-वीस मिनिटांत गृहस्थ सावरले आणि ओशाळून म्हणाले, "बाई, तुमच्या बहिणीचे लाडू मी खाल्ले." लाडवांचे मला काय! पण त्या गृहस्थांनी सुई घेतली होती ती फळ्यावरच्या आकड्यावर विसंबून, हे माझ्या मनातून जाईना.

साडेदहाला आम्हांला खाण्याची पुडकी वाटली. आमच्या दाराशी एक मुलगी उभी होती, बावीस-तेवीस वर्षांची, कंपनीच्या पोशाखात. पुरुष मंडळींचा जमाव तिच्याभोवती. एक जण तर इतक्या वाईट शब्दांत बोलला की माझ्या वर्गात असता तर मी त्याला बाकावर उभे केले असते. मुलगी हात जोडून तेच तेच वाक्य म्हणत होती. जमाव पांगल्यावर तिने खांबाकडे तोंड फिरवून डोळे पुसले. मी उठून तिच्याकडे गेले आणि पाण्याची बाटली पुढे केली. फळ्यावर तेव्हा अकरा चाळीस लागले होते.

मी विचारले, "बाळ, विमान आत्ता आहे कुठे?"

ती जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "आजी, दिल्लीत आहे. तिथे धुकं आहे. आता सुटेल. इथे यायला त्याला दोन तास लागतात."

"म्हणजे सकाळपासून तिथेच आहे?"

"हो. मधे दुसरं विमान देतील असं वाटत होतं, ते जमलं नाही. मला स्क्रीनवर येतं तेवढंच सांगायची परवानगी आहे."

भगिनींनो, आता चौथीच्या मुलाला घालण्यासारखे गणित. दिल्लीहून पुण्याला यायला दोन तास. इथे माणसे उतरायची, साफसफाई, तेल, नवी माणसे चढायची, त्याला किमान अर्धा तास. पुण्याहून नागपूर सव्वा-दीड तास. सगळे मिळून चार तास. म्हणजे सकाळी आठ वीसला जर विमान दिल्लीतच उभे होते, तर त्या क्षणी सुटले असते तरी मी बाराच्या आत नागपूरला पोहोचणार नव्हते. नऊ दहा, दहा, दहा पन्नास या वेळा कोणत्याच बेरजेने निघत नाहीत. दुसरे विमान मिळण्याची आशा होती म्हणून त्या लावल्या असतील, हे मी समजू शकते. पण आशेला कोणी वेळ म्हणून फळ्यावर लिहीत नाही.

मी भाच्याला फोन लावला. अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. मला म्हणायचे होते, अक्काला दे, मी काही वेळेवर येत नाही, जे सांगायचे ते आत्ता फोनवरच सांग म्हणावे.

तो म्हणाला, "मावशी, आत्ताच आत नेलं. दहा मिनिटं झाली."

मग त्याने सांगितले. पाटल्या उतरवायची वेळ आली तेव्हा अक्का नर्सला म्हणाली, "जरा थांबा, माझी बहीण येते आहे, तिच्याच हातात देते." नर्स दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा साबणाचे पाणी लावून पाटल्या काढल्या. मनगट सुजले होते. सुनेने त्या रुमालात बांधल्या. गुंगीची गोळी दिलेली होती. जाताना अक्काने विचारले, "आली का?" आणि सून म्हणाली, "विमान उतरलंय, येतीलच."

त्या पोरीने ते चांगल्या मनाने सांगितले. विमान त्या वेळी दिल्लीच्या धुक्यात उभे होते.

आमचे विमान एक पन्नासला सुटले. साडेपाच तास उशिरा. आत बसल्यावर वैमानिकाचा आवाज आला, तर बाईचा आवाज. तिने हिंदीत आणि मग मराठीतही सांगितले की दिल्लीला पहाटेपासून दाट धुके होते, धावपट्टी दिसत नव्हती, त्यातच आधीच्या वैमानिकाच्या कामाचे तास संपत आले म्हणून दुसरे बोलवावे लागले, आणि तुमचा सारा दिवस गेला त्याबद्दल मी क्षमा मागते. दिवसभरात पहिल्यांदा कोणी आम्हांला सगळे कारण सांगितले होते. इतका वेळ भांडणारी माणसे गप्प झाली. मागचा एक जण तर म्हणाला, "हे सकाळी सांगितलं असतं तर!" वैमानिकांच्या कामाचे तास बांधून दिलेले आहेत ते योग्यच आहे. झोपेने जडावलेल्या माणसाच्या हाती विमान देऊ नये. याबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि धुक्याबद्दल तर नाहीच नाही.

बाई वैमानिक म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जे आले ते मी पाहिले. आपल्या मराठी घरातल्या सौदामिनी देशमुख यांनी १९८५ सालीच कलकत्त्याहून सिलचरला इंडियन एअरलाइन्सचे विमान नेले होते. वैमानिक, सहवैमानिक आणि बाकीचा ताफा, सगळ्या स्त्रिया. तेही असेच लहान पल्ल्याचे विमान होते.

उतरताना खाली नागपूर दिसू लागले आणि मला वडिलांचे बोलणे आठवले. ते टपाल खात्यात होते. १९४९ पासून कितीतरी वर्षे मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाची विमाने निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र जमत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या गावी परत. वडील म्हणत, "एक रखडलं की बाकीची तिन्ही खोळंबली." आजही तेच चालले आहे, इतकेच की आता थैल्यांच्या जागी आपण आहोत. लहान पल्ल्याचे एकच विमान दिवसातून चार-चार, सहा-सहा फेऱ्या करते. दोन फेऱ्यांत विसावा अर्ध्या-पाऊण तासाचा. पहाटेची पहिली फेरी धुक्यात सापडली की तो उशीर दिवसभर गावोगाव हिंडतो. पुण्यात स्वच्छ ऊन पडलेले असते आणि पुण्याचा प्रवासी दिल्लीच्या धुक्यात बसलेला असतो. हे मला आधी ठाऊक असते तर सकाळी सातलाच मी पहिला प्रश्न तो विचारला असता.

मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. ऑपरेशन चालूच होते. सुनेने रुमाल माझ्या हातात दिला आणि रडू लागली. "मावशी, मी खोटं बोलले." मी म्हटले, "तू नाही गं, मीच तुला ते सांगितलं होतं." सहाला डॉक्टर बाहेर आले. झडप बसली होती. पण पुढचे तीन दिवस अक्का यंत्रावर होती, नळ्या लावलेल्या. काचेतून पाहू देत. चौथ्या दिवशी ती बोलली. आधी पाणी मागितले, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "विमान पंक्चर झालं होतं का गं?"

नियमांचे थोडे सांगते, कारण परत आल्यावर मुलाकडून मी ते सगळे वाचून घेतले. आपल्या देशात नागरी विमान वाहतुकीच्या महासंचालनालयाचे नियम आहेत. मूळ २०१० सालचे, पुढे सुधारलेले. अडीच तासांच्या आतला प्रवास असेल आणि उशीर दोन तासांवर जाणार असेल तर कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची. सहा तासांपेक्षा अधिक उशीर होणार असेल तर प्रवाशाला दुसऱ्या विमानाची जागा किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यांतले एक मागता येते. आमचा उशीर साडेपाच तासांचा. अर्धा तास कमी पडला! कारण हवामानाचे असले तर कंपनीला बऱ्याच जबाबदाऱ्यांतून सूट मिळते, तेही लिहिलेले आहे. पैशांच्या मागे लागून मला काही मिळायचे नव्हते आणि मला ते नकोच होते.

पण जानेवारी २०२४ मध्ये उत्तरेकडच्या धुक्यात फार लोक अडकले, तेव्हा याच महासंचालनालयाने कंपन्यांना एक कार्यपद्धती घालून दिली. उशिराची अचूक आणि ताजी माहिती प्रवाशांना फोनवर कळवायची, विमानतळावर बसलेल्यांना वेळोवेळी सांगायची, आणि दाराशी उभ्या असलेल्या नोकरांना प्रवाशांशी नीट बोलायला शिकवायचे. अचूक माहिती, हे शब्द वाचल्यावर मी चष्मा काढून ठेवला. म्हणजे जे मला हवे होते ते आधीच वर्षभर कागदावर होते. त्या खांबामागे डोळे पुसणाऱ्या मुलीला मात्र ते सांगायची परवानगी नव्हती.

मी पत्र लिहिले. कंपनीला एक आणि सरकारच्या तक्रारीच्या ठिकाणी एक. मुलाने ते संगणकावरून पाठवले. त्यात मुलीची तक्रार केली नाही. उलट तिने मला खरे सांगितले, असे लिहावेसे वाटत होते, पण त्यामुळे तिचीच नोकरी जाईल म्हणून लिहिले नाही. फक्त ते चार तासांचे गणित उत्तरासह मांडले आणि विचारले, सात पस्तीसला विमान दिल्लीत आहे हे आपणांस माहीत होते की नव्हते? सरकारकडून पोच आली. कंपनीचे उत्तर आले, पानभर, फार गोड भाषेत. माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. मी पुन्हा लिहिले आहे. चिटणीसबाईंनी दोन्ही पत्रांच्या प्रती मंडळाच्या वाचनालयात ठेवल्या आहेत. आपल्यापैकी बऱ्याच जणींची मुले बाहेरगावी आहेत, आज ना उद्या बसावे लागेल. ज्यांना मसुदा हवा असेल त्यांनी उतरवून घ्यावा. आणि विमानतळावर गेल्यावर एवढेच विचारा, मराठीत विचारा, "माझं विमान आत्ता कुठे आहे?" हल्ली ते फोनवरही पाहता येते, नातवंडे दाखवून देतात. मी आता शिकले आहे. आमचे हे म्हणतात, हिने शिकून ठेवले ते बरे झाले, आता रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून वरून जाणाऱ्या विमानांना गावे विचारते.

अक्काची प्रकृती आता बरी आहे. जिना चढते, स्वयंपाकघरात सुनेला सूचना देते. दवाखान्यातून घरी आल्यावर बाराव्या दिवशी मी तिच्या हातांत पाटल्या घातल्या. मनगट इतके बारीक झाले होते की साबण लागला नाही. मी घालत होते आणि ती खिडकीबाहेर पाहत होती. मी म्हटले, "अक्का, तुला मला काहीतरी सांगायचं होतं."

ती म्हणाली, "हो, होतं."

"मग सांग ना."

बराच वेळ काही बोलली नाही. मग पाटल्या जरा मागे सारून म्हणाली, "ते आत जायच्या आधीचं होतं. आता बाहेर आले ना मी." आणि भाजी निवडायला घेतली. मी दोन-तीनदा विचारून पाहिले. गेल्या दिवाळीतही विचारले. हसते आणि विषय बदलते.

परतताना मुलगा म्हणाला विमानाचे तिकीट काढतो. मी नको म्हटले आणि रात्रीच्या आगगाडीने निघाले. गाडी मनमाडच्या अलीकडे कुठेतरी काळोखात उभी राहिली. तिकीट तपासनीस कंदिलासारखी बत्ती घेऊन चालला होता. त्याला मी विचारले. म्हणाला, "पुढे मालगाडीचं इंजिन बंद पडलंय आजी, दोन तास तरी हलत नाही. झोपा निवांत." मी घरी फोन करून सांगितले, दौंडला गाडी घेऊन सहाला येऊ नका, आठला या. मग चादर अंगावर ओढली. दौंडला पोहोचलो तेव्हा आठ वाजून पाच मिनिटे झाली होती. हे फलाटावर उभे होते, हातात चहाचा थर्मास. न्हावऱ्यावरून घरी येईपर्यंत चहा गरम होता.